रायफल घराची नको, तालुक्याची हवी



जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या या खेपेच्या बैठकीत हमीभाव, पीकविमा आणि शेतीपंपांची वीज या नेहमीच्या विषयांच्या शेवटी एक विषय असा आहे, की तो वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोरडवाहू गावांतल्या मुलामुलींना एअर रायफलची नेमबाजी शिकवायची, स्पर्धेत उतरवायची, असा तो विषय. एका जुन्या कार्यकर्त्याने लगेच विचारले, "कपाशी इकीसन बंदूक लेवानी का, भाऊ?" सगळे हसले. पण प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. साऱ्या विषयाचे मर्म त्या एका प्रश्नात आहे आणि आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. कपाशी विकून कोणी बंदूक घेऊ नये. सोने गहाण टाकून तर मुळीच घेऊ नये. हा विषय बैठकीपुढे आणला तो अशी पाळी कोणावर येऊ नये म्हणूनच.

कारण ती पाळी येऊ लागली आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल, तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. आनंद झालाच, गावोगाव पेढे वाटले गेले. पण त्या पदकाचे छायाचित्र लावून शहरांत नेमबाजीच्या वर्गांच्या पाट्याही लागल्या. "तुमच्या मुलात गुण आहे, फक्त स्वतःची रायफल हवी," असे पहिल्याच महिन्यात सांगितले गेल्याचे दोघा-तिघा पालकांनी आम्हाला येऊन सांगितले. ते पालक बागायतदार नव्हते. पाच-सात एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि थोडी ज्वारी, अशीच माणसे. मुलाच्या डोळ्यातली चमक पाहून 'नाही' म्हणवत नाही आणि हातात पैसा नाही. आपल्या घरांत कर्ज शिरते ते बहुतेक वेळा अशाच दाराने.

म्हणून आधी कुसाळेची गोष्ट नीट पाहू. पाट्यांवर ती अर्धीच सांगितलेली असते.

स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. ऊसवाल्या मोठ्या बागायतदाराचे किंवा कारखानदाराचे ते घर नव्हे. २००९ साली, वय १४, तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तिथे पहिले वर्षभर नुसते अंगमेहनतीचे शिक्षण. मग एक खेळ निवडायचा होता, त्याने नेमबाजी निवडली. पुढे पुण्याच्या 'लक्ष्य' या संस्थेने हात दिला. मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली. दीपाली देशपांडे या स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज त्याला प्रशिक्षक म्हणून लाभल्या. २००९ ते २०२४, म्हणजे १५ वर्षे. या १५ वर्षांत पहिली बंदूक सरकारची होती, पहिले छत सरकारचे होते, नंतरचा आधार संस्थेचा आणि पगार रेल्वेचा. घराने मुलगा दिला, धीर दिला, ओढाताणही सोसली असणार. पण मुलाला नेमबाज करण्याचा सगळा भार एकट्या घराच्या खांद्यावर पडला नाही. अंतिम फेरीतही गडी गुडघ्यावर बसून मारण्याच्या टप्प्यानंतर सहावा होता, पोटावर झोपून मारल्यावर पाचवा, आणि उभे राहून मारताना तिसऱ्यावर चढला, गुण ४५१.४. त्याने घाई केली नाही. त्या घराला आणि त्या व्यवस्थेलाही घाई नव्हती, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

आता एअर रायफलकडे वळू. कुसाळेने पदक मिळवले ती .२२ ची काडतुसाची रायफल. शिकायला सुरुवात मात्र हवेच्या रायफलीने होते आणि ऑलिंपिकमध्ये तिचा स्वतंत्र प्रकारही आहे. अभिनव बिंद्राचे २००८ चे बीजिंगचे सुवर्णपदक याच प्रकारातले. अंतर १० मीटर, म्हणजे जुन्या मापाने ३३ फुटांच्या आत. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, ज्वारीच्या एका टपोऱ्या दाण्याएवढा. आणि लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, राजगिऱ्याच्या दाण्याच्याही निम्मा. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्याने धरायची आणि सव्वा तासात असे ६० छर्रे मारायचे. मोठ्या स्पर्धेत दहाचेही दशांश मोजतात. एका छर्‍याला जास्तीत जास्त १०.९, साठांचे मिळून ६५४.

यात दंडाच्या बेडक्या कामाच्या नाहीत. धाडस दाखवणाऱ्याचा तर पहिल्याच दिवशी निकाल लागतो. श्वास अर्धा सोडून थांबवायचा, माशी आणि ठिपका एका रेषेत आणायचे, चाप ओढायचा नाही तर हळूहळू दाबत न्यायचा, आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसेच स्थिर राहायचे. मन इकडेतिकडे गेले की छर्रा आठात. प्रशिक्षक सुरुवातीला गुण पाहतच नाही; पाच छर्रे एकमेकांच्या किती जवळ पडले ते पाहतो. छर्रे दहाच्या ठिपक्यापासून दूर पडले तरी चालतील, पण एका ठिकाणी पडले पाहिजेत. एका ठिकाणी पडले की साइटचा स्क्रू फिरवून तो पुंजका मधे आणता येतो. विखुरले तर कोणताही स्क्रू उपयोगाचा नाही. पाभरीने पेरलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. ओळ सरळ असेल तर अंतर सुधारता येते. बैलच वाकडे चालले तर फणाला दोष देऊन काय होणार?

खान्देशाला नेम नवा नाही. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारी पोरे-पोरी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कित्येकांनी तर शाळा बुडवून ते काम केले आहे. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, शिरपूरकडे भिल्ल-पावरा घरांत तीरकमठा अजून खुंटीला आहे. १८२५ साली औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांचे लष्करी पथक उभे केले. ज्या हातांचा सरकारला धाक वाटत होता त्याच हातांत सरकारने बंदुका दिल्या आणि ते हात शिस्तीत चालले. मग १८५७ चा उठाव झाला आणि १८७८ च्या कायद्याने सामान्य रयतेच्या हातातले हत्यार परवान्याशिवाय बेकायदा ठरले. एवढा सगळा इतिहास असूनही, 'नेम आमच्या रक्तातच आहे' अशी भाषणे करणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. बियाणे कितीही जातिवंत असो, वापसा नसताना पेरले तर उगवत नाही. खान्देशात आज कमी आहे तो वापसा. पोरांची कमी नाही.

विरोध करणाऱ्यांचा मोठा मुद्दा पोरे बिघडण्याचा आहे. तो आम्ही हलका मानत नाही. सातपुड्याच्या सीमेवरून येणारे गावठी कट्टे आपल्या जिल्ह्यांत पकडले जातात, ते वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. कमरेला कट्टा लावून मोबाइलवर फोटो टाकणारा पोरगा एखाद्या गावात निघतो आणि साऱ्या गावाला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या घालाव्या लागतात. अशा वेळी आणखी बंदुका कशाला, असे एखाद्या माउलीला वाटले तर तिचे काही चुकले नाही.

पण नेमबाजीच्या रेंजवर तासभर उभे राहून पाहा. हुकूम झाल्याशिवाय कोणी रायफलीला हात लावत नाही. नळीचे तोंड कायम लक्ष्याकडे. चापावर बोट नेम धरल्यावरच. मारून झाले की नळी रिकामी करून तीत रंगीत दोरी घालायची, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसते. कोणी लक्ष्याकडे पुढे गेला असेल तर बाकीचे रायफलीपासून मागे सरकून उभे. गंमत म्हणून एकदा जरी नळी माणसाकडे वळली तरी त्या दिवसापुरते घरी, दुसऱ्यांदा वळली तर कायमचे. कट्टा मिरवण्याची हौस असलेला पोरगा इथे चार दिवस टिकत नाही, कारण मिरवायला इथे काही नसतेच. चार दिवस टिकला, तर मग तो कट्टा मिरवणारा राहत नाही.

कायद्याचेही स्पष्ट असलेले बरे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअर रायफलीची ताकद २० ज्यूलच्या आत आहे आणि नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरहून अधिक नाही, तिला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते. तरीही आमचे म्हणणे असे की रेंज सुरू करण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवावे, रायफलींचे क्रमांक नोंदवावेत आणि रात्री त्या कुलपात ठेवाव्यात. किल्ली दोघांकडे असावी. त्यातला एक शाळेचा शिक्षक असावा.

एक बाब कोणी बोलत नाही, ती आम्ही बोलून टाकतो. रायफलीचा विषय निघाला की आपल्या लोकांच्या मनात पहिल्यांदा रानडुक्कर येते. येणारच. रात्रीत अर्धा एकर मका आडवा होतो आणि नुकसानभरपाईचा कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. तो लढा वेगळा आहे आणि तो लढलाच पाहिजे. पण एअर रायफलीचा त्यात काडीचा उपयोग नाही. त्या छर्‍याने डुक्कर मरत नाही, नुसते पिसाळते. आणि वन्यप्राण्यावर छर्रा मारणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्वारीवरच्या पाखरांसाठीही रायफल काढायची नाही, त्याला गोफण आहे. रेंजची रायफल रेंजच्या बाहेर दिसली तर तो उपक्रम त्या दिवशी बंद करावा, असे आमचे मत आहे.

खेड्यात हे जमते का? जमले आहे. उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जोहरी नावाचे गाव आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथे गावातच एक साधी रेंज सुरू झाली. १९९९ मध्ये चंद्रो तोमर नावाची, वयाची साठी ओलांडलेली शेतकरी घरातली आजी नातीला घेऊन तिथे गेली, कारण नात एकटी जायला लाजत होती. नातीला धीर यावा म्हणून आजीने पिस्तूल हातात घेतले आणि नेम लागला. मग आजी रात्री सगळे झोपल्यावर पाण्याने भरलेला जग हातात ताठ धरून उभी राहू लागली, हात स्थिर व्हावा म्हणून. घरच्या पुरुषांना पत्ता नव्हता. पुढे तिने आणि तिची जाऊ प्रकाशी तोमर हिने ज्येष्ठांच्या स्पर्धांत कितीतरी पदके मिळवली; त्यांच्यावर २०१९ साली हिंदी चित्रपटही निघाला. चंद्रोआजी २०२१ मध्ये कोरोनाने गेली. प्रकाशीची मुलगी सीमा तोमर हिने २०१० साली विश्वचषक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले. त्याच जिल्ह्यातल्या बिनौलीच्या रेंजवर मेरठकडच्या कलीना गावचा सौरभ चौधरी हा शेतकऱ्याचा मुलगा शिकला आणि २०१८ मध्ये १६ व्या वर्षी आशियाई स्पर्धेत एअर पिस्तुलाचे सुवर्णपदक घेऊन आला.

तो उसाचा पट्टा, पाटाचे पाणी, दिल्ली जवळ. आपली गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण आमचे लक्ष पदकांकडे नाही. एक रेंज गावाच्या मध्यावर असली की आजी नातीला हाताला धरून तिथे जाऊ शकते, एवढी एकच गोष्ट आम्हाला तिथून घ्यायची आहे. आमच्या एरंडोल, पारोळा, शिंदखेड्याच्या मुलीला शहरातल्या वर्गाला जायचे तर एस.टी.चे दोन-तीन तास, संध्याकाळचा परतीचा अंधार आणि घरच्यांच्या जिवाला घोर. दहावीनंतर ज्या मुलींच्या शाळेचे अंतर वाढल्यामुळे शिक्षण सुटते, त्यांच्यासाठी पन्नास किलोमीटरवरची रेंज असून नसल्यासारखी आहे. आणि या खेळात तर मुलगी-मुलगा भेद नाही म्हटले तरी चालेल. २०१८ पासून दोघांनाही ६० छर्रे, तेच अंतर, तोच ठिपका. पॅरिसच्या ऑलिंपिकमधले पहिले सुवर्णपदक एअर रायफलच्या मिश्र जोडीला मिळाले. महाराष्ट्राचे नाव तर मुलींनीच मोठे केले. एन.सी.सी.तून पुढे आलेली अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली. राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. तेजस्विनी शिकली ती कोल्हापुरात, घरापासून जवळ, जयसिंग कुसाळे सरांच्या हाताखाली.

आता पैशाकडे येऊ. स्पर्धेची चांगली परदेशी एअर रायफल अडीच लाखांच्या घरात जाते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कपाशीचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल होता. म्हणजे एका रायफलीला ३१ क्विंटल कपाशी. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर सहा-सात एकरांची सगळी वेचणी. त्यात बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा केलेलीच नाही. हमीभाव मिळाला तर हा हिशेब. व्यापाऱ्याच्या काट्यावर किती मिळाला ते आपले आपल्याला माहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने गिरण्यांच्या सोयीसाठी परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नामांकित नेमबाजालाही सामान आणताना करात सवलत असते. कोरडवाहू गावातल्या नवख्या पोरासाठी रायफल घ्यायची तर कर पूर्ण भरायचा आणि त्याच्या बापाच्या कापसाशी स्पर्धा करायला मात्र परदेशी गाठ तेव्हा बिनकराची होती. याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

पण सुरुवातीला ती रायफल लागतच नाही. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत ओपन साइट रायफलचा वेगळा प्रकार असतो. त्यासाठी देशी बनावटीची साधी रायफल चालते. ती दहा-पंधरा हजारांत मिळते. अशा तीन रायफली, वेल्डरकडून बनवून घेतलेल्या चार लोखंडी लक्ष्यपेट्या, मागे छर्रे अडवायला पत्रा आणि जुने जाड रबर, दिवे, छर्‍यांचे डबे, डोळ्यांचे चष्मे, हे सगळे आमच्या हिशेबाने ७५ हजारांच्या आत बसते. नऊ-साडेनऊ क्विंटल कपाशी. तीही एका घराची नव्हे, एका तालुक्याची. मूल आठवड्याला शंभर छर्रे मारील असे धरले तर वर्षाला पाच हजार. दीड रुपया दराने साडेसात हजार रुपये. एका क्विंटलच्या आत. शिवाय नेमबाजीचा निम्मा सराव छर्‍याशिवायच होतो. रिकाम्या रायफलीने भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून चाप दाबायचा; मोठे नेमबाजही तासन्‌तास हेच करतात. याला कोरडा सराव म्हणतात. कोरडवाहूवाल्यांना तो जमायला हरकत नाही.

वर्ष-दोन वर्षांत ज्या दोन-तीन मुलांचे छर्रे एका पुंजक्यात पडू लागतील, त्यांच्यासाठी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एक चांगली पीप साइटची रायफल घ्यावी. तिच्यावर नाव संघटनेचे राहील, मुलाचे नाही. मूल सोडून गेले तर रायफल पुढच्या मुलाच्या हातात जाईल. विहीर सामाईक असली की पाळ्या लावाव्या लागतात, भांडणेही होतात. पण प्रत्येकाने आपापली विहीर खणून सगळ्यांच्याच कोरड्या पडण्यापेक्षा ते बरे.

जागा तर ओस पडल्या आहेत. १० मीटर अंतर आणि मागे उभे राहायला चार मीटर, म्हणजे पन्नास फूट लांब आणि पंधरा-वीस फूट रुंद खोली असली की चार मुले एका वेळी मारू शकतात. किती गावांत सोसायटीचे गोदाम रिकामे आहे, किती ठिकाणी जिनिंगची शेड बंद पडून कबुतरांची वसाहत झाली आहे! शिकवायला माजी सैनिक आहेत, शाळा-कॉलेजांतले एन.सी.सी.चे शिक्षक आहेत. जळगावला १८ आणि धुळ्याला ४८ महाराष्ट्र बटालियन आहे, धुळ्याला राज्य राखीव पोलीस दल आहे. त्यांच्याकडे हक्काने जावे. मात्र सैन्यातली गोळी मारलेला प्रत्येक जण स्पर्धेची नेमबाजी शिकवू शकेल असे नाही. सुरक्षेची शिस्त ते उत्तम लावतील. तंत्रासाठी वर्षातून दोनदा तरी नाशिक-पुण्याकडचा जाणता प्रशिक्षक बोलवावा लागेल. तो खर्च धरून चाला.

वेळापत्रक शाळेच्या सोयीने नव्हे, कपाशीच्या सोयीने लावावे लागेल. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी. त्या दिवसांत मुले रेंजवर येणार नाहीत आणि त्यांना रागावण्यात अर्थ नाही. खरे शिक्षण फेब्रुवारी ते मृगापर्यंत. पण तेव्हा जळगावचा पारा ४४-४५ वर असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभे राहणे म्हणजे भाजून निघणे. तेव्हा पहाटे साडेपाच ते आठ. नेमबाजीचा तो जाड कातडी-कॅनव्हासचा अंगरखा खान्देशच्या मे महिन्यात कोणी घालून दाखवला तर त्यालाच पदक द्यावे! सुरुवातीला त्याशिवाय भागते.

एक शेतकीतला माणूस म्हणून आणखी एक सांगतो. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे विष आहे. फवारणीनंतर हात न धुता भाकर खाऊ नका, हे सांगता सांगता आमची उमर गेली. तोच नियम इथे. रेंजवर खाणे-पिणे नाही, छर्रा तोंडात धरायचा नाही, मारून झाल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि जमीन कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. गोळा झालेले शिसे मोजून भंगारात द्यायचे.

शेवटी, पोरांना यातून मिळणार काय? धुळे-जळगाव रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी शेकडो पोरे आपण पाहतो. जागा थोड्या, धावणारे पुष्कळ. तिशी उलटते, जमिनीचे तुकडे झालेले, लग्न जमत नाही. त्यांच्या तोंडावर आणखी एक खोटी आशा फेकण्याचे पाप आम्हाला करायचे नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सैन्यात आणि रेल्वेत खेळाडूंची भरती होते, हे खरे. पण त्यासाठी ठरलेल्या पातळीची कामगिरी लागते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून पडताळणीही कडक झाली आहे. प्रमाणपत्र 'करून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला गावाबाहेर पोहोचवून या. वरच्या पायरीवरची स्पर्धा किती जीवघेणी आहे तेही पोरांना सांगा. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला, १८ व्या वर्षी एअर रायफलचे विश्वविजेतेपद मिळवले आणि देशासाठी पॅरिसची जागा आणली. पण निवड चाचणीत तो मागे पडला आणि त्या जागेवर दुसरे गेले. सौरभ चौधरी टोकियोला प्राथमिक फेरीत पहिला होता, अंतिम फेरीत सातवा आला. विश्वविजेत्याची ही गत, तिथे तालुक्यातल्या पोराला कोणती हमी देणार?

हमी नाही. तरीही सोळा वर्षांची मुले-मुली आठवड्यातले तीन दिवस पहाटे उठून, मोबाइल पेटीत ठेवून, एका ठिपक्याकडे पाहत दीड तास स्थिर उभी राहणार असतील, तर त्यासाठी सोसायटीचे गोदाम झाडून द्यायला आम्हाला कोणाची हमी लागत नाही. यातली चार मुले विभागाला जातील, एखादे राज्याला जाईल. बाकीची घरी येतील आणि कपाशी निंदतील. त्यांचे काही वाया गेले असे आम्ही मानणार नाही, पण त्यांच्या बापाचे कर्ज मात्र एका रुपयानेही वाढलेले नसले पाहिजे. ही एक अट बैठकीने ठरावात शब्दशः लिहावी असा आमचा आग्रह राहील. रायफलीसाठी कोणत्याही घराकडून वर्गणीवर वर्गणी घेतली जाणार नाही, आणि रेंजवरचा कोणीही माणूस पालकाला स्वतःची रायफल घ्यायला सांगणार नाही. सांगितले तर त्याला त्याच दिवशी काढावे.

बैठकीला येणाऱ्या प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी बरोबर आणाव्यात. आपल्या भागातल्या रिकाम्या गोदामाची लांबी-रुंदी, पावलांनी नव्हे, टेपने मोजलेली. गोदाम वापरायला देण्याबद्दल सोसायटीच्या चेअरमनचे चार ओळींचे पत्र. आणि नेमबाजी शिकवायला तयार असलेल्या माजी सैनिकाला किंवा एन.सी.सी.च्या शिक्षकाला शक्यतो बरोबरच घेऊन यावे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना बैठकीचे निमंत्रण गेले आहे. शालेय स्पर्धेच्या नोंदणीचे जे विचारायचे ते त्यांना समोरासमोर विचारता येईल. मुलींच्या आयांनी अवश्य यावे. त्यांच्या शंकांसाठी जेवणानंतरचा पहिला तास राखून ठेवला आहे.